खिडकीतली मेणबत्ती : स्वस्त रोषणाईचा इतिहास

१

मराठीतील ‘कंदील’ आणि इंग्रजीतील ‘कँडल’ हे दोन शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. लॅटिनमधील ‘कान्देला’ हा शब्द ग्रीकमध्ये गेला, पुढे अरबीत त्याचा ‘किन्दील’ झाला आणि फारसीच्या वाटेने तो मराठीत ‘कंदील’ म्हणून स्थिरावला. या प्रवासात अर्थही पालटला. मूळ शब्द मेणबत्तीचा वाचक होता. मराठीत तो ज्योतीला वाऱ्यापासून जपणाऱ्या दिव्याचा वाचक झाला. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांपासून घरीच केलेल्या आकाशकंदिलात दिवाळीच्या दिवसांत मेणबत्ती ठेवली जाई, तेव्हा हा शब्द आणि त्याचा हरवलेला अर्थ, कोणाच्याही ध्यानी न येता, पुन्हा एकत्र येत.

‘मेणबत्ती’ हा शब्दही असाच बोलका आहे. मराठीत मेणबत्ती, गुजरातीत मीणबत्ती, हिंदीत मोमबत्ती, बंगालीत मोमबाती : या सर्व भाषांनी त्या वस्तूला मेण आणि वात यांच्या जोडीने ओळखले आहे. वस्तुतः बाजारात सर्रास मिळणाऱ्या मेणबत्तीत मधमाश्यांच्या मेणाचा अंशही नसतो. तिचे द्रव्य खनिज तेलापासून निघणारे पॅराफिन असते. एका महाग द्रव्याची आठवण नावात उरली आणि वस्तू मात्र स्वस्त झाली.

चार मेणबत्त्या लावून घर सजवणे हा सजावटीचा सर्वांत साधा, स्वस्त आणि म्हणून सर्वांत जुना प्रकार असावा, असा समज सहज होतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. सामान्य घरात शोभेसाठी मेणबत्ती लावणे ही गोष्ट दोनशे वर्षांपेक्षा जुनी नाही. त्यापूर्वी मेणबत्ती ही हिशेबाची वस्तू होती. आणि तिने घर उजळण्याचा प्रसंग जेव्हा सामान्य कुटुंबावर येई, तेव्हा तो बहुधा हौसेचा नसून सक्तीचा असे. हे स्थित्यंतर इंग्लंडमध्ये विशेष स्पष्टपणे पाहता येते, कारण तेथील पत्रे, रोजनिश्या, निबंध आणि कादंबऱ्या यांनी त्याची नोंद ठेवली आहे. साहित्यातील मेणबत्तीची प्रतिमा वाचताना ती कोणत्या काळातील, कोणाच्या घरातील आणि कोणाच्या खर्चाने जळणारी मेणबत्ती आहे हे विचारल्यावाचून तो अर्थ पुरता हाती लागत नाही.

२

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये उजेडाची उतरंड होती. चर्च, राजवाडा आणि श्रीमंतांची दिवाणखाने यांत मधमाश्यांच्या मेणाची बत्ती जळे. मध्यम स्थितीच्या घरात गुरामेंढरांच्या चरबीची बत्ती असे. तिला वास येई, धूर होई आणि तिच्या वातीची काजळी वरचेवर कात्रीने कातरावी लागे. त्याहूनही खाली पाणथळ जागी उगवणाऱ्या लव्हाळ्याची बत्ती होती. लव्हाळ्याची साल सोलून आतला गर वाळवायचा आणि वितळलेल्या चरबीत बुडवायचा, की ती तयार होई.

या शेवटच्या बत्तीचा हिशेब एका साहित्यकृतीत जपला गेला आहे. गिल्बर्ट व्हाइट हा हॅम्पशरमधील सेलबोर्न गावचा धर्मोपदेशक. त्याचा ‘सेलबोर्नचा निसर्गेतिहास’ हा पत्रसंग्रह १७८९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील १७७५ च्या एका पत्रात पक्षी आणि ऋतू बाजूला ठेवून व्हाइट लव्हाळ्याच्या बत्तीकडे वळतो. सुमारे सव्वादोन फुटांहून थोडी लांब अशी एक काडी त्याने घड्याळ लावून जाळून पाहिली. ती ५७ मिनिटे जळली. एक पौंड वाळक्या लव्हाळ्यात १६०० हून अधिक काड्या भरतात. लव्हाळ्याला एक शिलिंग आणि चरबीला दोन शिलिंग असा तीन शिलिंग खर्च होतो. प्रत्येक काडी सरासरी अर्धा तास जळते असे धरले, तरी तेवढ्या पैशात ८०० तासांचा उजेड मिळतो. म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा असलेल्या एका फार्दिंगमध्ये गरीब कुटुंबाला साडेपाच तासांचा प्रकाश लाभतो.

या हिशेबाला व्हाइटने एक शेरा जोडला आहे. अगदी गरीब माणसे रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची तयार बत्ती विकत घेतात. वारा खेळणाऱ्या त्यांच्या खोल्यांत ती जेमतेम दोन तास टिकते. तेवढ्याच पैशात त्यांना अकरा तास उजेड मिळाला असता. ही माणसे काटकसर जाणत नाहीत म्हणूनच ती गरीब राहतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. आजच्या वाचकाला यातला कार्यकारणभाव उलटा दिसतो. पौंडभर लव्हाळा आणि सहा पौंड चरबी एकरकमी घेण्याइतकी शिल्लक ज्याच्या गाठीला नाही, त्याला रोजची बत्ती रोजच घ्यावी लागते. स्वस्त वस्तू घेण्यासाठीही आधी थोडे भांडवल लागते, ही गोष्ट पत्रलेखकाच्या नजरेतून सुटली. परंतु त्याच्याच आकड्यांनी ती नोंदवून ठेवली.

या हिशेबात राजसत्ताही एक पक्ष होती. १७०९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मेणबत्तीवर कर बसला आणि परवान्यावाचून घरी बत्त्या करण्यास मनाई झाली. लव्हाळ्याची साधी बत्ती तेवढी या करातून सुटली होती. विल्यम कॉबेटने १८२२ च्या ‘कॉटेज इकॉनॉमी’ या पुस्तकात ती करण्याची कृती दिली, तेव्हा तिच्या करमुक्तीचा मुद्दा त्याने मुद्दाम मांडला. आपण स्वतः बहुतांशी याच उजेडात लहानाचे मोठे झालो, हेही त्याने सांगितले आहे. व्हाइटच्या लेखी ही बत्ती काटकसरीचा धडा आहे, तर कॉबेटच्या लेखी ती श्रमिकाच्या स्वातंत्र्याची खूण आहे. वस्तू एकच, पण एकीकडे उपदेशाचे पत्र आणि दुसरीकडे राजकीय गद्य अशा दोन लेखनप्रकारांत तिचा अर्थ दोन टोकांना गेला. दोघांच्याही लेखनात शोभेचा मात्र शब्द नाही. जिथे उजेड मिनिटांनी मोजला जातो, तिथे तो सजावटीसाठी उधळला जात नाही.

३

तरीही एक प्रसंग असा होता की ज्या वेळी हिशेबी घरालाही मेणबत्त्यांनी नटावे लागे. युद्धातील विजय, राजघराण्यातील विवाह किंवा लोकप्रिय पुढाऱ्याची निवडणूक अशा निमित्ताने रात्री रस्त्याकडेच्या प्रत्येक खिडकीत मेणबत्ती लावण्याची प्रथा होती. १६९६ ते १८५१ या काळात इंग्लंडमध्ये खिडक्यांवरही कर होता. म्हणजे ज्या तावदानाचा कर भरला, त्याच तावदानात कर भरलेली बत्ती जाळून आनंद व्यक्त करायचा, अशी ही रोषणाई होती.

ज्याची खिडकी अंधारी, तो विरोधक असे गृहीत धरले जाई. १७६८ साली जॉन विल्क्स मिडलसेक्समधून निवडून आला, तेव्हा जमावाने लंडनमधील घरांना दिवे लावण्यास भाग पाडले आणि ज्यांनी लावले नाहीत त्यांची तावदाने फोडली. अमेरिकेतही ही रीत पोहोचली होती. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे इंग्रज सैन्य शरण आल्याचे वृत्त फिलाडेल्फियात येताच तेथे रोषणाई झाली. युद्ध आणि युद्धाचा उत्सव दोन्ही निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथीयांनी आपल्या खिडक्या अंधाऱ्याच ठेवल्या. त्या रात्री त्यांच्या घरांवर झालेल्या दगडफेकीची नोंद एलिझाबेथ ड्रिंकर या क्वेकर गृहिणीने आपल्या रोजनिशीत केली आहे. सार्वजनिक विजयाच्या वर्णनांत जी रात्र झगमगते, तीच या खाजगी नोंदीत फुटलेल्या काचांची रात्र होते.

सर्वांत परिणामकारक उदाहरण लंडनमधील ॲप्सली हाउसचे आहे. एप्रिल १८३१ मध्ये संसदीय सुधारणांच्या प्रश्नावर पार्लमेंट विसर्जित झाली आणि सुधारणावाद्यांनी रोषणाईचा आग्रह धरला. सुधारणांचा कट्टर विरोधक ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचे घर अंधारात होते. २४ एप्रिलला त्याची पत्नी वारली होती आणि तिचा मृतदेह घरातच होता. २७ एप्रिलच्या रात्री जमावाने त्या घराची तावदाने फोडली. पुढे वेलिंग्टनने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवून घेतल्या. खिडकीतील अंधाराचा एकच अर्थ जमावाला वाचता येत होता. शोक हा दुसरा अर्थ त्या लिपीत नव्हता.

४

ज्या वर्षी ही तावदाने फुटली, त्याच १८३१ साली इंग्लंडमधील मेणबत्तीवरील कर रद्द करण्यात आला. त्याआधीच फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीचे घटक वेगळे करून दाखवले होते. त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. चरबीतील ग्लिसरीन काढून टाकले की उरणारे स्टिअरिक आम्ल घट्ट, पांढरे आणि जवळजवळ बिनवासाचे असते, त्याची बत्ती चरबीच्या बत्तीपेक्षा उजळ जळते, हे त्यातून निष्पन्न झाले. याच सुमारास विणलेली वात आली. जळताना ती वाकते, तिचे टोक ज्योतीबाहेर येऊन आपोआप राख होते आणि काजळी कातरण्याचे काम उरत नाही. मेणबत्ती लावून माणसाला तिच्यापासून दूर जाता येऊ लागले. सजावटीच्या दृष्टीने हा बदल किमतीइतकाच महत्त्वाचा आहे; जिच्यापाशी कात्री घेऊन बसावे लागते, ती बत्ती शोभेची होऊ शकत नाही.

१० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. त्या रात्री खिडक्या उजळण्याची अपेक्षा होतीच. लंडनमधील एडवर्ड प्राइस आणि कंपनी या कारखान्यातील जे. पी. विल्सन याने हा प्रसंग हेरून स्टिअरिक आम्ल आणि नारळाच्या तेलाचा घट्ट अंश यांच्या मिश्रणाची, काजळी न धरणारी आणि सामान्य माणसाला परवडेल अशी मेणबत्ती बाजारात आणली. प्रथा जुनीच होती. पण परवडणाऱ्या किमतीमुळे ती पाळण्यातला जाच कमी झाला. दंडाच्या भीतीने लावायची बत्ती आणि हौसेने लावायची बत्ती यांतील सीमारेषा जर कोठे आखायची असेल, तर ती या सुमारास आखावी लागेल.

परंतु हा स्वस्तपणा कोठून आला, हा प्रश्न उरतोच. नारळाचे तेल सिलोनमधून येत होते. पुढे पश्चिम आफ्रिकेतील पाम तेलापासून मेणबत्त्या करण्याची प्रक्रिया साधली. पाम तेलाचा व्यापार वाढला की गुलामांचा व्यापार आपोआप आटेल, असे तेव्हा इंग्लंडमध्ये आग्रहाने मांडले जाई आणि मेणबत्तीच्या विक्रीतही या युक्तिवादाचा वापर झाला. मेणबत्ती लावणाऱ्या घराला उजेडाबरोबर पुण्यही मिळावे अशी ही योजना होती. प्रत्यक्षात समुद्रापलीकडे जाणारे गुलाम कमी झाले, तरी तेल काढणे आणि वाहून नेणे या कामांसाठी पश्चिम आफ्रिकेतच गुलामांचे श्रम मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. १८५२ च्या युद्धानंतर दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांकडे गेला आणि १८५४ साली वॉरन डी ला रू याने रंगूनमार्गे येणाऱ्या खनिज तेलापासून पॅराफिन वेगळे करण्याचे एकस्व घेतले. लंडनच्या खिडकीतील छोट्या ज्योतीमागे सिलोन, नायजर आणि इरावती असा तीन काठांचा भूगोल उभा होता. व्हाइटच्या हिशेबात लव्हाळा कोणी कापला हे निदान दिसते. वृद्ध, स्त्रिया आणि मुले हे काम करतात असे तो सांगतो. कारखान्यातील मेणबत्तीने ते हात दृष्टीआड केले.

५

मेणबत्ती स्वस्त झाली तशी ती नटू लागली. डिसेंबर १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात राजकुटुंब विंडसर येथे मेणबत्त्यांनी सजवलेल्या नाताळच्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापले गेले आणि जर्मन घरांतील ही रीत इंग्रज मध्यमवर्गात झपाट्याने पसरली. खिडकीतून बाहेर, रस्त्याकडे पाहणारी मेणबत्ती आता घराच्या आत, मुलांकडे पाहू लागली. जमावाला दिलेल्या ग्वाहीची जागा कुटुंबाच्या सणाने घेतली.

१८६०–६१ च्या नाताळात मायकेल फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर सहा व्याख्याने दिली. १८६१ साली ती ग्रंथरूपाने आली. पहिल्याच व्याख्यानात त्याने नव्या फॅशनच्या मेणबत्त्या मांडल्या : पन्हळी खांबांसारख्या घडवलेल्या, फुलांची चित्रे काढलेल्या, नुकत्याच निघालेल्या जांभळ्या आणि किरमिजी कृत्रिम रंगांनी रंगवलेल्या. मग त्याने दाखवून दिले, की पन्हळीची मेणबत्ती दिसायला सुरेख असली तरी जळायला वाईट असते. भोवतालची हवा सगळीकडून सारखी वर चढली तर मेणबत्तीच्या माथ्यावर वितळलेल्या द्रव्याची नीट वाटी तयार होते. कडा वेड्यावाकड्या असल्या की वाटी फुटते आणि मेण ओघळते. जे उत्तम काम करते ते उत्तम, असा त्याचा निवाडा आहे. पुढे मात्र ओघळलेल्या मेणाचे थर हीच मेणबत्तीची शोभा मानली गेली. वस्तू जेव्हा गरजेतून मुक्त होते, तेव्हा तिचा दोषही अलंकार ठरतो.

त्याच १८६१ साली पुस्तकरूपाने आलेल्या डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत लव्हाळ्याची जुनी बत्ती अखेरची भेटते. नायक पिप एका हॉटेलात मुक्काम करतो. त्याच्या खोलीत गोल भोके पाडलेल्या पत्र्याच्या उंच नळकांड्यात ही बत्ती जळत असते आणि भोकांतून पडणारे प्रकाशाचे ठिपके भिंतीवर टक्क उघड्या डोळ्यांसारखे दिसतात. भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती ठेवून भिंतीवर नक्षी पाडणे ही आज स्वस्त सजावटीची सर्वपरिचित युक्ती आहे. डिकन्सच्या वाचकाला तीच नक्षी पाळतीवर असलेल्या नजरेसारखी वाटते. सजावट आणि भय यांत फरक ज्योतीचा नसतो. त्या खोलीत राहण्याची मुभा कोणाला किती, याचा असतो.

६

गॅस आणि नंतर वीज आल्यावर मेणबत्ती उजेडाच्या कामातून निवृत्त झाली आणि तिच्याविषयीचे हळवे लेखन सुरू झाले. स्टीव्हन्सनने १८८१ च्या निबंधसंग्रहात विजेच्या प्रखरतेविरुद्ध गॅसच्या दिव्यांची बाजू घेतली. तानिझाकी याने १९३३ साली लिहावयास घेतलेल्या सावल्यांवरील निबंधात क्योटोमधील एका भोजनगृहात विजेचा दिवा काढून मेणबत्ती मागवल्याचे आणि लाखेच्या भांड्यांचे खरे सौंदर्य त्या मंद उजेडात दिसल्याचे सांगितले आहे. गास्तों बाशलार याचे मेणबत्तीच्या ज्योतीवरील पुस्तक १९६१ चे. तिन्ही लेखक वेगवेगळ्या परंपरांतले आहेत. त्यांच्यात साम्य हे, की तिघेही आधीच्या काळातील उजेडाकडे ती गरज उरलेली नसताना पाहतात. क्योटोत मेणबत्ती मागवता आली, कारण खोलीत विजेचा दिवा होता. मेणबत्तीचे काव्य खरे आहे. पण ते पर्याय असणाऱ्याचे काव्य आहे.

भारतीय संदर्भात या इतिहासाची मांडणी थोडी वेगळी करावी लागते. येथे सामान्य घराचा उजेड तेलाचा होता आणि प्रतिमासृष्टीही त्यावरच उभी राहिली. ज्ञानेश्वरीचे ‘भावार्थदीपिका’ हे नावच दिव्याचे आहे. तेलाच्या दिव्यात तेल पुन्हा घालता येते. म्हणून तो नंदादीप होऊ शकतो, आणि तो विझला असे न म्हणता शांत झाला असे म्हटले जाते. मेणबत्तीचा अंत तिच्या देहातच मोजून ठेवलेला असतो. मॅकबेथ आयुष्याला छोटी मेणबत्ती म्हणतो, त्यामागे हेच मोजमाप आहे. व्हाइटने घड्याळ लावून घेतलेले मोजमापही तेच. फारसी आणि उर्दू काव्यातील स्वतःला जाळणारी ‘शमा’ ही याच कुळातली, पण ती दरबाराची आणि मैफलीची मेणबत्ती. मुशायऱ्यात ज्याची पाळी असेल त्या कवीपुढे शमा ठेवली जाई. झोपडीतल्या लव्हाळ्याच्या बत्तीला त्या परंपरेत जागा नव्हती.

पॅराफिनने हे अंतर बुजवले. आसाममधील दिग्बोई येथे १९०१ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना त्याच्या मेणासाठी ओळखला जाऊ लागला. मेणबत्ती भारतातील वाण्याच्या दुकानात आली. देवघरातील निरांजनाची जागा तिला मिळाली नाही. तिने जागा घेतली ती कठड्यावरच्या रांगेत, आकाशकंदिलात आणि वीज गेल्यावर धुंडाळल्या जाणाऱ्या फडताळात. गरज आणि शोभा या तिच्या दोन्ही भूमिका येथे एकाच घरात, कधी एकाच रात्री, चालू राहिल्या.

५ एप्रिल २०२० रोजी, कोविडच्या टाळेबंदीत, पंतप्रधानांच्या आवाहनानुसार देशभर अनेक घरांनी रात्री ९ वाजता विजेचे दिवे ९ मिनिटे मालवले आणि दारात किंवा सज्जात पणत्या, मेणबत्त्या लावल्या. कोणासाठी तो एकजुटीचा सोहळा होता, कोणी त्याविषयी शंका घेतली. परंतु खिडकीतील उजेड ही पुन्हा एकदा रस्त्यावरून वाचली जाणारी लिपी झाली आणि ज्या घराने काहीच लावले नाही, त्याचा अंधारही वाचला गेला. त्या अंधारामागे मतभेद होता, आजारपण होते, सुतक होते की घरात कोणी नव्हते, हे बाहेरून कळण्याचा मार्ग १८३१ च्या लंडनमध्ये जसा नव्हता तसा तो याही वेळी नव्हता. मेणबत्ती आता दोन रुपयांतही मिळते. तिच्या उजेडाला घरापुरते राहू देणे मात्र अजून तितके स्वस्त झालेले नाही.